दुखणाईत मुके जनावर आणि पहिले शील



धम्मदीक्षा घेतल्यापासून आपण रोज पंचशील ग्रहण करतो. त्यातील पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे आहे. ते मुखाने म्हणणे सोपे असते. परंतु घरातील एखादे मुके जनावर बरे न होणाऱ्या दुखण्याने तळमळत असते, डॉक्टर म्हणतात, "आता सुई देऊन शांत करणेच बरे," आणि हात जोडून म्हटलेले शील आठवते, तेव्हा काय करावे? या पाठात आपण या प्रश्नाचा विचार करू.

एका घरातील प्रसंग

एका उपासक कुटुंबाचे उदाहरण घेऊ. घरात मोती नावाचा बारा वर्षांचा कुत्रा आहे. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. तो खात नाही, पाणी प्यायला की ओकतो, तोंडात व्रण पडले आहेत. घरात तीन मते होतात. आजी म्हणते, "मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगू द्या. आपण मध्ये पडू नये." वडील म्हणतात, "मी पंचशील घेतले आहे. सुई दिली तर माझे शील मोडेल." थोरला मुलगा म्हणतो, "रोज ओकाऱ्या कोण काढणार? एकदाची सुई द्या आणि मोकळे व्हा." आई काहीच बोलत नाही. धाकटी मुलगी तेवढी म्हणते, "आई, मोती रात्रभर कण्हत होता गं."

शेजारचे एक गृहस्थ वर म्हणतात, "आम्हाला कुत्र्याहून हीन लेखले गेले, आणि तुम्ही कुत्र्यासाठी झोप मोडता!" हे बोलणे जखमेतून आलेले आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि माणसांना ते पाणी वर्ज्य होते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आपल्या हजारो बांधवांसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. पण तो दोष तेथे पाणी पिणाऱ्या जनावरांचा नव्हता, माणसाला माणूस न मानणाऱ्यांचा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. ज्याने तिरस्कार सोसला, त्याच्या दारात मुके जनावर तिरस्काराने मरू नये, हेच त्या प्रतिज्ञेला शोभते.

आता घरातील तिन्ही मते एकेक करून तपासू.

'भोग' ही समजूत आपली नव्हे

आजींचे मत जुन्या संस्कारातून आलेले आहे. त्यांचा अनादर करू नये, पण समजूत मात्र सोडावी. मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवान बुद्धांना विचारले होते की, माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच होते काय? भगवंतांनी हे मत नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतूतील बदल, शरीराची हेळसांड, अचानक झालेला आघात अशी वेदनेची अनेक कारणे त्यांनी सांगितली. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बुद्धाचा मानला नाही. गोरगरिबांच्या दुःस्थितीची जबाबदारी झटकण्यास तो सिद्धांत उपयोगी पडतो, हे त्यांनी परखडपणे दाखवून दिले. आपल्या वाडवडिलांना "तुमचे भोग" म्हणूनच गावकुसाबाहेर ठेवले गेले. तेच शब्द आपण मोतीला ऐकवू नयेत. मोतीची मूत्रपिंडे बिघडली आहेत; हे दुखणे आहे, शिक्षा नव्हे. दुखण्यावर इलाज करायचा असतो.

शील मोडते काय?

वडिलांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला पळवाट काढू नये. हत्या कशाला म्हणावे याची पाच अंगे जुन्या पाली अट्ठकथांत सांगितली आहेत: प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाणीव असणे, मारण्याचे चित्त, त्यासाठी केलेला प्रयत्न, आणि त्या प्रयत्नाने आलेला मृत्यू. या मोजमापाने पाहिले तर सुई देण्यात पाचही अंगे आहेत. भिक्खूने जाणूनबुजून प्राण्याचा जीव घेतला तर विनयात तो पाचित्तिय दोष ठरतो. म्हणून अनेक भिक्खू "दयेपोटीही मारू नका, अखेरपर्यंत सेवा करा" असेच सांगतील. हे मत आदराने ऐकावे. ते आपल्याला एक गोष्ट शिकवते: सुई देणे ही किरकोळ बाब नाही, आणि तिला गोड नाव देऊन तिचे स्वरूप लपवू नये.

दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांनी केलेली अहिंसेची मीमांसा आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धांनी भेद केला, असे ते सांगतात. अहिंसा हे बुद्धांनी तत्त्व म्हणून सांगितले, नियम म्हणून नव्हे. नियम माणसाला विचार करू देत नाही. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. ही चर्चा तेथे मुख्यतः यज्ञातील पशुवध आणि मांसाहार यांच्या संदर्भात आहे. पण तिचा गाभा आपल्या प्रसंगालाही लागू पडतो. कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे, ही तर भगवंतांचीच शिकवण आहे. तेव्हा वडिलांनी "शील मोडेल की राहील?" एवढेच विचारून थांबू नये. "माझ्या मनात काय आहे?" हे विचारावे.

आणि येथेच थोरल्या मुलाचे मत चुकते. सुई तीच, डॉक्टर तोच, पण "मी मोकळा व्हावा" हा हेतू वेगळा आणि "त्याची वेदना थांबावी" हा हेतू वेगळा. पहिल्या हेतूत स्वतःच्या सोयीचा लोभ आणि घाणीचा तिटकारा आहे. तो अकुशल आहे.

एक इशारा येथेच देणे अवश्य आहे. हा सारा विचार मुक्या जनावरापुरता आहे. आजारी माणसाच्या बाबतीत तो लावू नये. विनयात एका आजारी भिक्खूची कथा आहे. सहकाऱ्यांनी करुणेपोटी त्याच्यापुढे मरणाची स्तुती केली आणि तो मरण पावला; तरीही भगवंतांनी तो पाराजिक हा सर्वांत गंभीर दोष ठरविला.

आधी शुश्रूषा

विनयातीलच दुसरी कथा आपल्याला वाट दाखवते. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. त्याचा आता कुणाला उपयोग नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. मग भगवंतांनी संघाला सांगितले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी. उपयोग संपला म्हणून आपलेपण संपत नाही, हा या कथेचा बोध आहे. राखण करून म्हातारा झालेला कुत्रा, दूध आटलेली शेळी यांनाही तो लागू आहे. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंच्याही औषधोपचाराची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे, ते याच परंपरेत.

तेव्हा सुईचा विचार करण्याआधी पुढील गोष्टी कराव्यात.

१. दुखणे कोणते ते नक्की करून घ्यावे. पुष्कळ दुखणी दिसायला भयंकर असली तरी बरी होतात. गोचिडांपासून होणारा ताप वेळीच औषध दिले तर बरा होतो. कुत्र्यांच्या जननेंद्रियावर येणारी, संसर्गाने पसरणारी रक्ताळलेली गाठ ही एक प्रकारचा कर्करोगच असते, पण व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी ती बहुधा पूर्ण बरी होते. मागचे पाय लुळे पडलेले जनावरही, वेदना नसेल आणि सेवा मिळत असेल, तर आनंदाने जगते.

२. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. तेथे खर्च कमी येतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांना ती मोकळेपणाने सांगावी. त्यात लाज नाही. अडचण लपवून "त्याला फार त्रास होतो" असे म्हणणे मात्र बरे नव्हे.

३. वेदना कमी करण्याचे औषध मागावे. रोग बरा होणार नसला तरी वेदना पुष्कळ वेळा कमी करता येते. माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. पॅरासिटामॉलने मांजर दगावते, आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडांना गंभीर इजा होते.

४. अंथरूण कोरडे ठेवावे, कूस बदलावी, तोंड पुसावे, जवळ बसावे. चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगताना भगवंतांनी मैत्रीचित्त आणि मलमूत्र, ओकारी यांचा तिटकारा नसणे हे दोन गुण सांगितले आहेत. थोरल्या मुलाने ओकारी पुसण्याचे काम आठ दिवस करावे आणि मग आपले मत सांगावे.

पिसाळल्याची शंका असेल तर मात्र जवळ जाऊ नये. जनावर वेगळे कोंडून पशुवैद्यांना कळवावे. कुणाला चावा किंवा ओरखडा असेल तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी.

निर्णय कसा घ्यावा

सेवा करूनही प्रश्न उरला तर अंदाजाने ठरवू नये. अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. ॲलिस विलालोबॉस यांनी सात गोष्टी तपासण्याची रीत सांगितली आहे: वेदना व श्वास, खाणे, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि चांगले दिवस अधिक की वाईट. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तीसच्या वर असेल तर जनावराचे जगणे सुसह्य आहे असे समजतात. मुलांच्या वहीत रोज हे गुण लिहावेत. घरातील प्रत्येकाने वेगळे लिहावेत, म्हणजे कुणाचे मन कोठे ओढते तेही कळते.

मग स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. डॉक्टरांनी बरे होण्याची आशा नाही असे स्पष्ट सांगितले आहे काय? औषध देऊनही वेदना थांबत नाही काय? मला कसलाही त्रास, खर्च वा जागरण नसते, तरीही मी हाच निर्णय घेतला असता काय? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' आले, तर थांबावे. तिन्हींचे उत्तर 'होय' आले, तर त्या सुईत मारण्याची इच्छा नाही. वेदना थांबविण्याचा दुसरा मार्ग उरलेला नाही एवढेच आहे. तिन्हींचे उत्तर 'होय' येऊनही एखादे कुटुंब सुई न देता वेदनाशामक औषधावर ठेवून अखेरपर्यंत सेवा करीत असेल, तर त्यांनाही कुणी नावे ठेवू नयेत.

काही गोष्टी मात्र कोणत्याही हेतूने करू नयेत: विष घालणे, डोक्यात घाव घालणे, गावाबाहेर नेऊन सोडणे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने क्रूरपणे मारणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे. शीलाच्या दृष्टीने तर "मी मारले नाही, सोडून दिले" ही सर्वांत मोठी फसवणूक आहे.

सुई द्यायची ठरली तर

सुई पशुवैद्यांकडूनच द्यावी. आधी गुंगीचे औषध द्यायला सांगावे. जनावर झोपल्यावर पेंटोबार्बिटालसारखे भूल आणणारे औषध मोठ्या प्रमाणात शिरेतून देतात. काही मिनिटांत श्वास व हृदय थांबते. डोळे उघडे राहू शकतात, एखादा आचका येऊ शकतो. ती वेदना नसते. हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

जनावराला परक्या हाती सोपवून निघून जाऊ नये. घरातील एकाने तरी डोक्यावर हात ठेवून बसावे. नंतर खोल खड्डा करून पुरावे. ते औषध मृत शरीरात राहते, आणि ते मांस खाणारी कुत्री, गिधाडे मरतात. एकावर केलेली करुणा दुसऱ्याच्या जिवावर बेतू नये.

शेवटी

आपल्या उदाहरणातील कुटुंबाने आठ दिवस सेवा केली, वहीत गुण लिहिले. बेरीज रोज उतरत गेली. नवव्या दिवशी मोतीला मान उचलेना आणि पाण्याचा थेंबही पोटात ठरेना. थोरल्या मुलानेच सांगितले, "बाबा, आता मी माझ्यासाठी बोलत नाही." वडिलांनी डॉक्टरांना बोलावले. मोतीचे डोके धाकटीच्या मांडीवर होते. आजी पायाशी बसली होती.

त्या रात्री वडिलांनी नेहमीप्रमाणे त्रिशरण-पंचशील म्हटले. पहिल्या शीलाशी त्यांचा आवाज अडला, तरी त्यांनी ते पूर्ण म्हटले. मनाला लागलेले ते ओझे हे पाप केल्याचे लक्षण समजू नये, आणि ते झटकूनही टाकू नये. जीव घेणे ज्याला कधीच सोपे वाटत नाही, त्याच्या ठिकाणी पहिले शील जागे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तत्त्व आणि नियम यांत फरक काय? रोजच्या जीवनातील एक उदाहरण द्या.
२. "भोग आहेत" असे आपल्या घरात कोणत्या प्रसंगी म्हटले जाते? त्याऐवजी काय म्हणावे?
३. तुमच्या वस्तीत दुखणाईत जनावर असेल तर या पंधरवड्यात तुम्ही त्याच्यासाठी काय कराल?

जय भीम! नमो बुद्धाय!