उथळ भूकंपाचे स्थान व खोली

दि. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात भूकंप होऊन सुमारे १८० माणसे मृत्यू पावली. भूकंप उथळ असल्याने लहरी फारशा क्षीण न होताच घरांपर्यंत पोहोचल्या.

भूकंपाचे स्थान भूकंपलेखकाच्या नोंदींवरून ठरवितात. प्रथम प्राथमिक लहरी येतात, मागाहून दुय्यम. दोहोंतील दर सेकंदाच्या फरकास सुमारे ८ किलोमीटर अंतर धरावे. तीन केंद्रांभोवती त्या त्या अंतराची वर्तुळे काढली की ती जेथे मिळतात तेथे भूकंपाचे स्थान.

खोली मात्र इतक्या सहज हाती लागत नाही. १० किलोमीटर खोलीवरील भूकंप १०० किलोमीटरवरच्या केंद्रास अवघा अर्धा किलोमीटर अधिक दूर भासतो. १० किलोमीटरवरच्या केंद्रास मात्र ४ किलोमीटर. म्हणून यंत्र जवळच हवे. (फळ्यावर काटकोन त्रिकोण काढून हे गणित मुलांकडूनच करवून घ्यावे.)

पहिल्या लहरीने जमीन वर ढकलली की खाली ओढली, हेही आलेखावर उमटते. चोहोंकडील अशा नोंदी जुळविल्या असता प्रस्तरभंगाच्या दोन बाजू कशा सरकल्या ते कळते. कोयनेस त्या मुख्यतः आडव्या सरकल्या. १९९३ साली किल्लारीस एक बाजू दुसरीवर चढली.