बोकडाचे वजन फितीने

उस्मानाबादी शेळी रानचारा व झाडपाला यांवर वाढते, म्हणून अल्पभूधारक कुटुंबास ती परवडते. परंतु वर्षभर चारलेले बोकड बाजारात व्यापारी नुसत्या नजरेने जोखतो. तराजू नसेल तेथे आम्ही विद्यार्थ्यांस फीत वापरण्यास सांगतो. पुढच्या पायांमागे छातीचा घेर इंचांत घ्यावा व त्याचा वर्ग करावा. त्यास खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील टोकापर्यंतच्या लांबीने गुणून ६६० ने भागावे, म्हणजे किलो येतात. घेर २८ व लांबी २४ इंच असता वजन सुमारे साडेअठ्ठावीस किलो भरते. मोजणी सकाळी, चरावयास सोडण्यापूर्वी करावी. हा अदमासच होय. थोडा फरक पडेल. परंतु त्याच बोकडास व्यापारी बावीस किलोंचे म्हणाला, तर साडेसहा किलोंचा पैसा घरचा जातो.