४.३ आज्ञांच्या उदाहरणांची मांडणी

संगणकविषयक पाठातील आज्ञेचे उदाहरण अवतरणासारखे असते. त्यातील एकही चिन्ह बदलता येत नाही. लिनक्समधील ‘आरएम’ ही फाइल पुसण्याची आज्ञा घ्या. ‘नोंदी-जुन्या’ या फाइलच्या नावातील संयोगचिन्ह मुद्रितशोधकाने गाळून तेथे मोकळी जागा ठेवली, तर संगणक ‘नोंदी’ आणि ‘जुन्या’ अशी दोन नावे वाचतो. ‘नोंदी’ नावाची चालू फाइल असल्यास तीच पुसली जाते. ती कचरापेटीतही जात नाही.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत :

१. आज्ञा स्वतंत्र ओळीवर, समान रुंदीच्या अक्षरांत छापावी.

२. ओळीच्या आरंभीचे ‘$’ हे चिन्ह संगणक दाखवतो. वाचकाने ते टंकायचे नसते, हे पाठाच्या प्रारंभीच सांगावे. संगणकाचे उत्तरही आज्ञेपासून वेगळे दाखवावे.

३. लेखनासाठीची सॉफ्टवेअरे पुष्कळदा दोन संयोगचिन्हांची एक लांब रेघ करतात आणि सरळ अवतरणचिन्हे वक्र करतात. संगणक या बदललेल्या चिन्हांना मूळ चिन्हे मानत नाही. ही स्वयंसुधारणा बंद ठेवावी.

४. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येतो. नवख्या वाचकाला तो आज्ञेचाच भाग वाटू शकतो. म्हणून ‘सीडीने’ असे न लिहिता ‘सीडी या आज्ञेने’ असे लिहावे. आज्ञेच्या ओळीअखेर पूर्णविरामही देऊ नये.

स्वयंअध्ययन प्रश्न : मुद्रितशोधनाचे नेहमीचे नियम आज्ञेच्या ओळीला का लागू पडत नाहीत, ते सोदाहरण लिहा.