मुंग्यांची वाट

मृग नक्षत्र लागते, पावसाच्या पहिल्या सरी कोसळतात आणि तापलेली धरणी निवते. माणसे आनंदून जातात. परंतु त्याच वेळी अंगणातील एका अदृश्य नगरीत हाहाकार उडालेला असतो. जमिनीखालच्या बोगद्यांत पाणी शिरू लागते. अंडी भिजतील, अळ्या बुडतील, म्हणून त्या नगरीतील रहिवासी आपली पिल्ले तोंडात धरून कोरड्या जागेच्या शोधात निघतात. ही कोरडी जागा म्हणजे पुष्कळदा माणसाचे घर असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गृहिणी गुळाचा डबा उघडते, तो काय? डब्यात मुंग्या, झाकणावर मुंग्या, फडताळाच्या फळीवर मुंग्यांची काळी रेघ! बाळासाठी झाकून ठेवलेल्या दुधावरही त्या तरंगत असतात. ती चिडते. ओले फडके घेऊन दिसेल ती मुंगी पुसून काढते. फळी स्वच्छ होते. परंतु दुपारी पाहावे, तर मुंग्या पुन्हा हजर. शेकडो मुंग्या मेल्या, तरी रांग तुटत कशी नाही?

या प्रश्नाचे उत्तर फडताळात नाही. ते वारुळात आहे. मुंगी एकटी राहणारा जीव नव्हे. जगात मुंग्यांच्या 14 हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्या सर्व समूहाने राहतात. बहुतेक वारुळांत एक किंवा अधिक राण्या असतात. ‘राणी’ या नावाने फसू नये. ती हुकूम सोडीत नाही. अंडी घालणे एवढेच तिचे काम. अन्न आणणे, पिल्ले वाढवणे, वारूळ खोदणे व त्याचे रक्षण करणे ही सारी कामे कामकरी मुंग्या करतात आणि त्या सर्व माद्याच असतात. घरात दिसणारी रांग म्हणजे त्या नगरीतील थोड्याशा कामकऱ्यांची टोळी होय. ती टोळी मारली, तरी राणी सुरक्षित असते आणि गमावलेल्या कामकऱ्यांची जागा नव्या मुंग्या घेतात.

आता दुसरा प्रश्न उभा राहतो. एवढ्या मोठ्या घरात गुळाचा डबा नेमका कोठे आहे, हे मुंग्यांना कोण सांगते? वारुळातून काही मुंग्या अन्नाच्या शोधार्थ एकेकट्या भटकत असतात. अशा मुंगीला गूळ सापडला, की ती घरी परतते आणि परतताना पोटाचे टोक जमिनीला टेकवीत जाते. त्या टोकातून एका गंधद्रव्याचा सूक्ष्म अंश जमिनीवर उतरतो. माणसाच्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण मुंगीच्या मिशांना त्याची खूण तत्काळ पटते. दुसरी मुंगी त्या गंधाच्या मागोमाग निघते, गुळापर्यंत पोहोचते आणि परतताना त्याच वाटेवर आपलाही गंध सोडते. मुंग्या वाढतात तसा गंध दाट होतो, आणि गंध दाट होतो तशा मुंग्या आणखी वाढतात. गूळ संपला म्हणजे परतणाऱ्या मुंग्या गंध सोडीनाशा होतात, तो विरून जातो आणि वाट मोडते. एकाच जातीच्या जीवांना परस्परांशी असा संकेत करता येणाऱ्या द्रव्यांना 1959 साली शास्त्रज्ञांनी ‘फेरोमोन’ असे नाव दिले.

ही अदृश्य वाट एका माणसाने मोठ्या गमतीने डोळ्यांना दिसेल अशी केली. त्याचे नाव रिचर्ड फाइनमन. हे अमेरिकेतील थोर पदार्थवैज्ञानिक होते आणि 1965 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. मुंग्या हा त्यांच्या अभ्यासाचा विषय नव्हता. परंतु जिज्ञासेला विषयाचे कुंपण नसते. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे राहत असताना त्यांच्या न्हाणीघरात मुंग्या आल्या. त्यांनी न्हाणीच्या टबाच्या दुसऱ्या टोकाला थोडी साखर ठेवली आणि एखाद्या मुंगीला ती सापडेपर्यंत ते धीराने वाट पाहत बसले. साखर घेऊन ती मुंगी परत निघताच तिच्या मागून त्यांनी रंगीत पेन्सिलीने रेघ ओढली. रेघ फारच वेडीवाकडी आली. पुढची मुंगी त्या मार्गाने गेली. पण ती घाईत होती. वळणावर ती थोडी बाहेर जाई आणि पुन्हा वाटेवर येई. तिच्या मागची रेघ पहिलीहून सरळ निघाली. अशा काही मुंग्या गेल्यावर वाट जवळजवळ सरळ झाली. कोणी आखणी केली नव्हती, कोणी आज्ञा दिली नव्हती. प्रत्येकीच्या लहानशा प्रयत्नाने वाट सुधारत गेली.

याहूनही बोधप्रद गोष्ट त्यांच्या विद्यार्थिदशेतील आहे. प्रिन्स्टन येथे शिकत असताना त्यांच्या खाऊच्या फडताळाला मुंग्या लागल्या. त्यांना मारावे, असे त्यांच्या मनात येईना. भिंतीतील ज्या भोकातून मुंग्या खोलीत शिरत, त्याच्या जवळच त्यांनी थोडी साखर ठेवली. मग कागदाचा एक तुकडा ‘होडी’सारखा हाती धरला. फडताळाकडे जाणारी किंवा तेथून अन्न घेऊन परतणारी मुंगी त्या कागदावर चढली, की ते तिला अलगद उचलून साखरेपाशी नेऊन ठेवीत. साखरेपासून भोकापर्यंतची नवी वाट लवकरच गजबजू लागली. फडताळाच्या जुन्या वाटेने फारसे कोणी जाईनासे झाले आणि तिचा गंध विरत गेला. तासाभराने फडताळात एकही मुंगी उरली नाही. एकाही मुंगीचा जीव न घेता फडताळ मोकळे झाले! शत्रूला मारण्यापेक्षा त्याची वाट ओळखणे अधिक उपयोगी पडते, हेच या प्रयोगाने दाखवून दिले.

आपल्याकडील घरोघरच्या जुन्या उपायांकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे त्यांतील शहाणपण कळून येते. पूर्वी दुधादुभत्याच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत. हा जणू किल्ल्याभोवतीचा खंदकच! मात्र कपाट भिंतीला टेकलेले असले, तर मुंग्या भिंतीवरून येतात आणि खंदक व्यर्थ ठरतो. त्या पाण्यावर धूळ साचली, तर तिच्या सायीवरूनही मुंग्या पलीकडे जातात. शिवाय साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. म्हणून ते पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकून वाट्या घासणे अगत्याचे आहे. नाहीतर मुंग्या गेल्या आणि डेंग्यू आला, अशी गत व्हावयाची. उंबऱ्यापाशी कोरड्या चुन्याची किंवा हळदीची रेघ ओढीत. भुकटीत मुंग्यांच्या पायांना पकड मिळत नाही आणि खालचा गंधही झाकला जातो. भुकटी ओली झाली, की हा उपाय संपतो.

गृहिणीच्या ओल्या फडक्याने काम का झाले नाही, हेही आता उमगते. तिने मुंग्या पुसल्या. वाट पुसली नाही. साबणाच्या पाण्याने फळीपासून भिंतीतील भेगेपर्यंत सारी वाट धुतली असती, तर मागून येणाऱ्या मुंग्या गोंधळून गेल्या असत्या. म्हणून मुंग्यांची रांग दिसताच फडके उचलू नये. प्रथम ती कोठून येते आणि कोठे जाते, हे शांतपणे पाहावे. गूळ, साखर व लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. खरकटी भांडी रात्रभर पडू देऊ नयेत. मग साबणाच्या पाण्याने वाट धुवावी आणि भिंतीतील भेग बुजवून टाकावी. अन्न नाही, वाट नाही आणि दारही नाही, म्हटल्यावर मुंगी त्या घरात कशाला येईल?

एवढे करूनही मुंग्या हटल्या नाहीत, तर मोठी माणसे विषारी आमिषाचा उपाय करतात. साखरेच्या पाण्यात बोरिक आम्लाचे प्रमाण अगदी थोडे, शंभरात एखादाच भाग, ठेवतात. त्यामागील युक्ती मुंग्यांच्या एका सवयीवर आधारलेली आहे. मुंगी आपल्या पोटात साठवलेला गोड रस वारुळात जाऊन इतरांना तोंडाने भरवते. विष जहाल असेल, तर ती वाटेतच मरते. सौम्य असेल, तर ते राणीपर्यंत पोहोचते. मात्र विष ते विषच. मुंगीसाठी ठेवलेली गोड वाटी रांगत्या बाळाच्या किंवा मांजराच्या तोंडी लागली, तर अनर्थ ओढवेल. बाजारात मुंग्या मारण्याचा खडूही मिळतो. तो फळ्यावरील खडूसारखाच दिसतो. मुलांनी अशा वस्तूंना हातही लावू नये. ते काम वडीलधाऱ्यांचे आहे, आणि त्यांनीही ते अखेरचा उपाय म्हणूनच करावे.

अंगणातील मुंग्यांचा विचार मात्र थोडा निराळा आहे. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर मुंग्यांची वर्दळ दिसली, म्हणजे त्याच झाड खात आहेत, असे पुष्कळांना वाटते. नीट पाहिल्यास पानामागे माव्याचे बारीक किडे आढळतात. झाडाचा रस शोषतो तो मावा. त्याच्या अंगातून गोड द्रव पाझरतो आणि त्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात. त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. गवळ्याने गाई सांभाळाव्यात, तसाच हा प्रकार. तेव्हा मुंग्यांवर संतापण्यापेक्षा पाण्याच्या जोरदार धारेने मावा धुऊन टाकावा. दूध आटले, की गवळी आपोआप निघून जातो. घराच्या भिंतीला किंवा छपराला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, म्हणजे घरात येण्याचा पूल तुटतो. वारुळावर उकळते पाणी ओतणे मात्र बरे नव्हे. त्याने शेजारच्या रोपांची मुळे होरपळतात.

अंगणातील सर्वच वारुळे नाहीशी करावीत काय? मुळीच नाही. मुंग्या जमीन पोखरून भुसभुशीत करतात, मेलेले किडे उचलून नेतात आणि घराच्या लाकडांची वैरीण असलेल्या वाळवीवरही तुटून पडतात. पाने शिवून घरटे बांधणाऱ्या तांबड्या मुंग्या झाडांवरील कितीतरी किडींचा फडशा पाडतात. दक्षिण चीनमधील बागवान तर अनेक शतके अशा मुंग्यांची घरटी मुद्दाम संत्र्यांच्या झाडांवर ठेवीत आले आणि त्यांना एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाता यावे, म्हणून बांबूच्या कांबी बांधीत आले. जी मुंगी फडताळात चोर ठरते, तीच बागेत राखणदार ठरू शकते.

मुंगीला आपले घर आणि परक्याचे घर हा भेद कळत नाही. भूक, ओलावा आणि गंध यांच्या मागे ती चालते. तिची वाट कोठून यावी आणि कोठे थांबावी, हे ठरविण्याची बुद्धी माणसापाशी आहे. एका फटक्यात शंभर मुंग्या चिरडण्यास कसलीच बुद्धी लागत नाही; पण एक घटकाभर स्वस्थ बसून त्यांची वाट पाहण्यास मात्र डोळे, धीर आणि थोडी दया, तिन्ही लागतात. ज्या घरात ही तिन्ही असतात, तेथे गुळाचा डबा सुरक्षित राहतो आणि अंगणातील ती इवलीशी नगरीही सुखाने नांदते.

स्वाध्याय

1. गृहिणीने फळी पुसूनही मुंग्या पुन्हा का आल्या?
2. फाइनमन यांनी एकही मुंगी न मारता फडताळ कसे मोकळे केले, ते आपल्या शब्दांत लिहा.
3. कारणे द्या : (अ) वाट्यांतील पाणी आठवड्यातून एकदा तरी बदलावे. (आ) मुंग्यांसाठीचे विष सौम्य ठेवतात.
4. ‘दूध आटले, की गवळी आपोआप निघून जातो’ या वाक्यातील ‘दूध’ आणि ‘गवळी’ हे शब्द कोणासाठी योजले आहेत?
5. अंगणातील मुंग्यांची एक रांग तिच्या उगमापासून शेवटापर्यंत पाहा आणि तिचा नकाशा वहीत काढा.