जितकं दाबाल, तितकंच सोडा

घरात कुणी अचानक कोसळलं, की आपल्याकडे कुणी तळपाय चोळतं, कुणी कांदा हुंगवतं, कुणी तोंडात पाणी घालतं. वाचकहो, यातलं काहीही करू नका. हृदय बंद पडल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन लावावा, दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यावी. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. त्यांनी फसू नका.

छाती कशी दाबायची हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं: छातीच्या मधोमध, दोन्ही हात एकावर एक, कोपरं ताठ, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. मला बोलायचं आहे ते सोडण्याबद्दल.

प्रशिक्षण शिबिरात मी नेहमी बघतो. पहिलं मिनिट छान जातं. दुसऱ्या मिनिटाला खांदे भरून येतात आणि माणूस नकळत सरावाच्या पुतळ्यावर रेलतो. हात वरखाली होताना दिसतात, पण छाती पूर्ण वर येत नाही. दाबल्यावर रक्त हृदयातून बाहेर पडतं, हे खरं. पण हृदयात परत रक्त भरतं ते छाती वर येताना. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं तेही मुख्यतः त्याच क्षणी, आणि त्या रक्ताशिवाय हृदय पुन्हा सुरू होणं कठीण. म्हणून प्रत्येक दाबानंतर हात छातीला टेकलेला राहू द्या, अंगाचा भार मात्र पूर्ण काढा.

गावाकडचा हापसा आठवा. पाणी चढायला आधी चार-सहा दांडे मारावे लागतात. इथेही रक्ताचा दाब हळूहळू चढतो आणि हात थांबला की झर्रकन उतरतो. मन लावून दाबलं तरी नेहमीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकंच रक्त फिरतं. त्यातलं थोडंही वाया घालवणं परवडत नाही. नाडी बघायला सारखं थांबू नका. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला. पुढचा समोरच्या बाजूला गुडघ्यांवर तयार बसलेला हवा.

गादीवर दाबू नका. गादीच खाली जाते, छाती नाही. रुग्णाला जमिनीवर घ्या.

१९६० पूर्वी हृदयाला मालीश करायचं तर बहुधा छाती उघडावी लागे. त्या वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाबूनही रक्त फिरतं हे जगासमोर मांडलं. तेव्हापासून हे काम तुमच्या-माझ्या हातांत आलं.

बुडालेल्याला आणि लहान मुलांना तोंडाने श्वास देणंही गरजेचं असतं. ते शिबिरात शिकून घ्या. फासळी मोडल्याचा आवाज आला तरी घाबरू नका, फासळी नंतर सांधते. रुग्ण हलू लागेपर्यंत किंवा रुग्णवाहिकेतली माणसं हात पुढे करेपर्यंत दाबत राहा, आणि प्रत्येक वेळी पूर्ण सोडा.