प्रवासास निघालेला रुग्ण : पर्यटनाचे प्रकार आणि वैद्याने विचारावयाचे प्रश्न

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की चिकित्सालयात एक ठराविक मागणी सुरू होते : "वैद्यराज, फिरायला निघालो आहोत, सोबत काही औषधे द्या." आपण बहुधा "कोठे?" एवढेच विचारतो आणि हिंग्वाष्टक, सूतशेखर, संजीवनी, एखादे तेल अशा पुड्या बांधून देतो. आमच्या मते येथे मुख्य प्रश्न "कोठे" हा नसून "कसे आणि कोणाबरोबर" हा आहे. केदारनाथास एक जण पायी चढतो, दुसरा खेचरावरून जातो, तिसरा हेलिकॉप्टरने उतरतो. ठिकाण एकच, श्रद्धाही एकच. परंतु तिघांच्या शरीरावर होणारा परिणाम भिन्न आणि म्हणून त्यांना द्यावयाचा सल्लाही भिन्न.

पर्यटक कोणास म्हणावे

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने मान्य केलेल्या व्याख्येनुसार, आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर एक वर्षापेक्षा कमी काळासाठी, तेथील नोकरीखेरीज अन्य हेतूने जाणारा तो प्रवासी. त्यांपैकी किमान एक रात्र मुक्काम करणारा तो पर्यटक, आणि त्याच दिवशी परतणारा तो केवळ सहलीचा पाहुणा. हेतूवरून तीर्थयात्रा, निसर्ग, साहस, कृषी, आरोग्य असे भेद केले जातात. हे भेद सरकारी नोंदींसाठी ठीक आहेत. चिकित्सकास त्यांचा उपयोग बेताचाच.

त्यापेक्षा समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी १९७२ साली केलेले वर्गीकरण आम्हांस अधिक उपयुक्त वाटते. त्यांनी पर्यटकांचे चार प्रकार मानले : सहल कंपनीबरोबर समूहाने जाणारा, कंपनीकडून व्यवस्था घेऊन स्वतंत्रपणे फिरणारा, स्वतः मार्ग शोधणारा, आणि कोणताही बेत न आखता भटकणारा. वैद्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की रुग्णाचा आहार, निद्रा, विश्रांती आणि वेगविसर्जन यांपैकी किती गोष्टी त्याच्या स्वतःच्या हाती आहेत. समूह सहलीत घरच्यासारखे जेवण मिळते, पण बस कोठे आणि केव्हा थांबणार हे दुसरा ठरवितो. भटक्यास हवे तेथे थांबता येते, पण पाणी व अन्न यांचा भरवसा नसतो. प्रमेहाच्या रुग्णास पहिल्या प्रकारात भोजनाच्या वेळेचे, तर दुसऱ्यात भोजनाच्या अस्तित्वाचेच नियोजन सांगावे लागते.

चरकोक्त तीन भाव

सिद्धिस्थानाच्या बाराव्या अध्यायात चरकाचार्यांनी आठ महादोषकर भाव सांगितले आहेत. ते शोधनोत्तर काळात वर्ज्य म्हणून आले असल्याने पंचकर्माच्या संदर्भातच आपण ते पाठ करतो. परंतु त्यांतील रथक्षोभ, अतिचंक्रमण आणि अत्यासन हे तीन भाव म्हणजे प्रवासाच्या तीन पद्धतीच होत : वाहनाचे हादरे, पायी चाल आणि एका जागी बसून राहणे. उच्चैर्भाष्य, अजीर्णभोजन, अहितभोजन आणि दिवास्वप्न हेही सहलीत सहज घडतात, हे वाचकांनी अनुभवलेच असेल.

अतिचंक्रमणाचे उत्तम उदाहरण आपली आषाढी वारी. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, तीही वर्षा ऋतूत, जेव्हा वात प्रकुपित आणि अग्नी मंद असतो. पाय, पोटऱ्या, मांड्या, गुडघे, कंबर यांत शूल, पिंडिकोद्वेष्टन, अंगमर्द, श्वास, कास ही ग्रंथोक्त लक्षणे दिंडीतल्या कोणत्याही वैद्यकीय पथकास ओळखीची आहेत. येथे पादाभ्यंग, रात्री कोमट पाण्याने पाय धुणे, लघु व उष्ण आहार यांचा उपयोग निःसंशय होतो. मात्र अनवाणी चालण्याचा नवस केलेला मधुमेही वारकरी हा स्वतंत्र विषय आहे. त्याच्या पायांची संवेदना गेलेली असल्यास खडा रुतलेला त्याला कळत नाही आणि पंढरीस पोहोचेपर्यंत व्रण खोल गेलेला असतो. वाग्भटांनी चालताना पादत्राण व छत्र वापरावे आणि समोर चार हात दृष्टी ठेवावी असे दिनचर्येतच सांगितले आहे. नवस फेडण्याचे अन्य मार्ग आहेत, हे रुग्णास आपण आदरपूर्वक पण स्पष्ट सांगितले पाहिजे. निघण्यापूर्वी त्याचे तळपाय स्वतः पाहावेत, केवळ विचारून थांबू नये.

रथक्षोभाबाबत सांधे शिथिल होणे, कंबर-पाठ-मान यांत वेदना, आध्मान, आंत्रकूजन, पायांस सूज अशी लक्षणे दिली आहेत. घाटातल्या जीपने किंवा रात्रभराच्या बसने जाणाऱ्यास ती होतात. परंतु आमच्या पाहण्यात बसप्रवासातील सर्वांत मोठा उपद्रव हादऱ्यांचा नसून वेगावरोधाचा आहे. वाटेत स्वच्छ शौचालय मिळणार नाही म्हणून पुष्कळ स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मूत्रवेगही धरून ठेवतात. आठ दिवसांच्या सहलीनंतर मूत्रकृच्छ्र आणि मलावष्टंभ घेऊन त्या आपल्याकडे येतात. तेरा अधारणीय वेगांचा श्लोक आपण विद्यार्थिदशेत घोकला; सहल आखणाऱ्या व्यवस्थापकास मात्र तो कोणी सांगत नाही. दर दोन-अडीच तासांनी बस थांबेल का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा, असा सल्ला कोणत्याही वटीपेक्षा अधिक गुणकारी ठरतो.

अत्यासन विमानात घडते. चार तासांहून अधिक काळच्या प्रवासात शिरांत रक्त गोठण्याचा संभव सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात आढळले. निरोगी माणसात हा धोका मुळात अल्पच असतो. परंतु स्थूल, गर्भिणी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि पूर्वी असा विकार होऊन गेलेले यांच्या बाबतीत तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. अधूनमधून उठून चालणे, घोट्यांची हालचाल आणि पुरेसे पाणी हे सर्वांस सांगावे. प्रवासानंतर एकाच पोटरीस सूज व वेदना आली तर ती पिंडिकोद्वेष्टन समजून अभ्यंग व मर्दन करू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे.

उंचीवरील प्रवास

येथे आम्ही थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे चूक झाल्यास प्राणांशी गाठ आहे.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. केदारनाथही जवळजवळ तितकेच, ३,५८४ मीटर. या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच असतो. शरीर याशी जुळवून घेते, पण त्यास दिवस लागतात. पूर्वीचा यात्रेकरू टप्प्याटप्प्याने चढत असे, म्हणून त्याला हा अवधी आपोआप मिळे. आज दिल्लीहून विमानाने दीड तासाच्या आत लेह गाठता येते आणि हेलिकॉप्टर तर काही मिनिटांत केदारनाथास उतरविते. "वयस्कर आहोत, म्हणून हेलिकॉप्टरने जातो" हा युक्तिवाद गुडघ्यांपुरता बरोबर आहे, फुप्फुसांपुरता नाही. गौरीकुंडाहून एका दिवसात चढणाराही सुमारे सोळाशे मीटर उंची गाठतो, हे विसरू नये.

डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे, थकवा ही उंचीच्या विकाराची आरंभीची लक्षणे. ती वाचताच अजीर्ण किंवा अम्लपित्त आठवते, आणि धोका नेमका तेथेच आहे. रुग्ण लेहहून दूरध्वनी करतो, आपण सूतशेखर वा अविपत्तिकर घ्यावयास सांगतो, तो घेतो आणि ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी खारदुंगला चढतो. ती खिंड पाच हजार मीटरांहून उंच आहे. म्हणून २,५०० मीटरांच्या वर असलेल्या रुग्णाची डोकेदुखी, अन्य कारण निश्चित होईपर्यंत, उंचीचीच मानावी. लक्षणे असताना आणखी वर जाऊ नये. विश्रांतीतही दम लागणे, फेसाळ कफ, चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ खाली उतरणे आणि प्राणवायू, हीच चिकित्सा होय. येथे कोणताही कल्प देऊन वाट पाहणे योग्य नाही.

प्रतिबंध म्हणून पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, मद्यवर्जन, आणि ३,००० मीटरांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची सुमारे ५०० मीटरांहून अधिक न वाढविणे हे सांगावे. हृद्रोग, श्वासविकार वा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यास निघण्यापूर्वी आधुनिक तज्ज्ञाकडे पाठवावे. प्रतिबंधक औषध द्यावयाचे की नाही हेही त्यांनीच ठरवावे. औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. कापराच्या पुड्या "ऑक्सिजन वाढतो" म्हणून लडाखच्या प्रवाशांस विकल्या जातात. कापराने नाक मोकळे झाल्याचा भास होतो, रक्तातील प्राणवायू वाढत नाही. त्या भासावर विसंबून माणूस वर चढतो, म्हणून ही विक्री निरुपद्रवी म्हणता येत नाही.

आपल्याकडे येणारा पर्यटक

प्रवासाची दुसरी बाजू म्हणजे चिकित्सेसाठी येणारा पाहुणा. केरळने यात पुढाकार घेतला. २०२३ मध्ये केंद्र शासनाने परदेशी रुग्णांसाठी स्वतंत्र आयुष व्हिसाही सुरू केला. हे स्वागतार्हच आहे. परंतु सात दिवसांच्या 'पंचकर्म पॅकेज'चा हिशेब शास्त्रात बसत नाही. विरेचनाचेच पाहा : दीपन-पाचन तीन ते पाच दिवस, स्नेहपान तीन ते सात, अभ्यंग-स्वेदन तीन, विरेचनाचा एक, संसर्जनक्रम तीन ते सात. म्हणजे किमान तेरा आणि कमाल तेवीस दिवस. आठ दिवसांच्या योगबस्तीनंतर परिहारकाल दुप्पट, म्हणजे सोळा दिवस. बस्ती संपताच आठ-नऊ तासांच्या विमानात बसणारा युरोपीय पाहुणा वर सांगितलेले अत्यासन आणि बहुधा अहितभोजनही परिहारकालातच करतो. शिवाय हे पाहुणे गोवा-कोकणात येतात ते डिसेंबर-जानेवारीत. वमनाचा वसंत, बस्तीची वर्षा आणि विरेचनाचा शरद यांच्याशी त्यांच्या सुट्ट्यांचा मेळ नसतो. सात दिवसच असतील तर अभ्यंग, स्वेदन, शिरोधारा, शमन औषधे आणि पथ्य एवढेच द्यावे, आणि त्यास शोधन म्हणू नये. एखादा पाहुणा यामुळे दुसरीकडे जाईल, हे आम्ही जाणतो.

पुडीत काय आहे

परदेशी निघालेल्या रुग्णास नाव नसलेल्या सुट्या पुड्या कदापि देऊ नयेत. मूळ बंद वेष्टन, नियम १६१ प्रमाणे घटकांची यादी असलेले लेबल, देयक आणि लेटरहेडवर इंग्रजीत लिहिलेली चिकित्सापत्रिका सोबत हवी. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून तेथे आपल्या औषधांकडे संशयाने पाहिले जाते. सूतशेखरात पारद आहे, हे सीमाशुल्क अधिकाऱ्यास रसशास्त्र समजावून पटविता येणार नाही. अशा प्रवाशास काष्ठौषधीच द्याव्यात. प्रवासातील अतिसारासाठी सहज दिले जाणारे जातीफलादि चूर्ण भांगयुक्त, तर कर्पूररस अहिफेनयुक्त आहे; आखाती देशांत हे बाळगणे म्हणजे कारावासास निमंत्रण. सौदी अरेबिया व कुवेतला जाणाऱ्यास आसव-अरिष्टेही देऊ नयेत, त्यांतील मद्यांश स्वयंजनित असला तरी. आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठी तेलाची बाटली चालत नाही, हे विक्रीच्या वेळीच सांगावे. आणि लेकीकडे दुबईस जाणाऱ्या आजींनी डब्यात अनारसे भरले असतील, तर त्यांवरील खसखशीविषयीही विचारावे. संयुक्त अरब अमिरातीत तिला मनाई आहे.