पानं दोनदा वाटताना

न्यू जर्सीत एडिसनला आमच्या बेसमेंटमध्ये एक आड एक शुक्रवारी सात-आठ जण पोकरला जमतात. बहुतेक मराठी, लहानपणी मेंढीकोट आणि बदाम सात खेळून हात बसलेले. प्रत्येकानं चाळीस डॉलर घेऊन बसायचं, आणि घरमालकानं पॉटमधून छदामही कापायचा नाही. अकरा वर्षं हे चाललंय. एवढ्या काळात आमच्याकडे खरी भांडणं झाली ती एकाच गोष्टीवरून. दोघांनी सगळ्या चिप्स पुढे सारल्या आहेत, पैज वाढवायला काही उरलेलं नाही, पण टेबलावरची पानं अजून पुरी पडायची आहेत. अशा वेळी दोघांची तयारी असेल तर उरलेली पानं दोनदा वाटतात, आणि एकेका वाटपावर अर्धा अर्धा पॉट लावतात. ‘रन इट ट्वाइस’ म्हणतात ते हेच. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘हाय स्टेक्स पोकर’ ह्या अमेरिकी मालिकेत बडे खेळाडू हे करताना आम्ही पाहिलं आणि उचललं. शिकलो मात्र ठेचा खाऊन.

१. पुढचं पान पडण्याआधी ठरवा.

माझ्याकडे दोन काळे राजे होते, किलवर आणि इस्पिक. मावसभावाकडे बदामाचा गुलाम आणि दश्शी. टेबलावर किलवरची राणी, बदामाची सत्ती, बदामाची दुर्री आणि चौथं पान चौकटची तिर्री. पॉटमध्ये एकशेवीस डॉलर, दोघांचेही सगळे पैसे आत. मी पुढे होतो. शेवटचं पान बदाम निघालं तरच तो जिंकणार होता. कुणीच काही बोललं नाही. वाटणाऱ्यानं पान उलटलं, किलवरची अठ्ठी. मी चिप्स ओढायला हात पुढे केला आणि तो म्हणाला, “दादा, दोनदा वाटूया ना. आपण नेहमी वाटतो की.” तो त्या रात्री आधीच बरंच हरला होता. मला त्याचा चेहरा बघवेना. मी हो म्हटलं. दुसरं पान बदामाचा पंजा. साठ डॉलर त्याचे झाले.

पैशांचं काही नाही. पण निकाल पाहिल्यावर मागितलेली ती दुसरी संधी होती, आणि ती मी देऊन टाकली हे टेबलावरच्या प्रत्येकानं पाहिलं. पुढच्याच खेळीला दुसऱ्या एकानं तेच मागितलं, मी नकार दिला, आणि तो दोन महिने आमच्याकडे फिरकला नाही. चूक माझी होती. तेव्हापासून नियम असा: सगळ्या चिप्स आत गेल्या की वाटणारा कॅट खाली ठेवतो, दोघांना मोठ्यानं विचारतो, “एकदा की दोनदा?” आणि दोघांची उत्तरं ऐकल्याशिवाय कॅटला हात लावत नाही.

२. हिशेब कागदावर मांडून सगळ्यांना दाखवा.

“दोनदा वाटलं की मागे असलेल्याचा फायदा होतो,” हा समज जाता जात नाही. वरचाच डाव घ्या. आमची चार पानं आणि टेबलावरची चार सोडली तर ४४ उरतात, त्यांत बदाम ९. एकदाच वाटलं तर मावसभावाची शक्यता ४४ मध्ये ९, म्हणजे साधारण २०.५ टक्के. दोनदा वाटलं तर दोन्ही वेळा बदाम पडण्याची शक्यता ३.८ टक्के, एकदाही न पडण्याची ६२.९ आणि एकदाच पडून पॉट अर्धा होण्याची ३३.३. सरासरी काढा: ३.८ अधिक ३३.३ चे निम्मे. परत २०.५ च्या आसपासच.

पहिल्या वाटपात एक बदाम गेला तर दुसऱ्याला कमी उरतात, हे खरं. पण नाही गेला तर नऊच्या नऊ शिल्लक राहतात आणि पानं ४३ झालेली असतात. दोन्ही बाजू एकमेकींना फेडतात. पालथ्या कॅटमधलं वरचं पान बदाम असण्याची जितकी शक्यता, तितकीच त्याच्या खालच्याची. बदलतो तो फक्त झोका. सगळं येणं किंवा सगळं जाणं कमी होतं, मधलं काही हाती लागणं वाढतं. चाळीस डॉलर घेऊन आलेल्या माणसाला ह्याचं मोल फार असतं. तासाभरात खिसा रिकामा होऊन, जॅकेट घालून, थंडीत गाडीकडे जाणारा मित्र मला बघवत नाही. दोनदा वाटणं मला प्रिय आहे ते एवढ्यासाठीच.

३. कॅट पुन्हा पिसायचा नाही.

पहिल्या वाटपाची पानं टेबलावर तशीच राहू द्या आणि दुसऱ्या वाटपाची त्यांच्याखाली वेगळ्या ओळीत मांडा. आम्ही एकदा पहिली ओळ गोळा करून कॅटमध्ये मिसळली, आणि कोणता निम्मा कुणाचा हे कुणालाच शपथेवर सांगता येईना. पॉट आधीच दोन ढिगांत मोजून ठेवावा. एक चिप वर उरली तर ती पहिल्या वाटपाची, हेही आधीच बोलून ठेवलेलं बरं.

४. तिघं असतील तर तिघांचा होकार हवा. साइड पॉट असेल तर त्याचेही दोन भाग होतात, त्यामुळे चार ढीग होतात. घाई करू नका.

५. दिवाळीतल्या स्पर्धेत हे करत नाही. तिथे चिप्स संपल्या की माणूस बाहेर, असाच तो खेळ आहे. अर्ध्या-अर्ध्यानं त्याचा कणाच जातो.

६. ‘एकदाच’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नका.

आमच्यात सगळ्यांत चांगलं खेळतात त्या शेजारच्या वहिनी. त्या कधीच दोनदा वाटू देत नाहीत. सुरुवातीला मी त्यांना पटवायचो, वरचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडायचो. एका रात्री त्या म्हणाल्या, “भाऊजी, हिशेब मला पटलाय. मला एकदाच आवडतं.” मी गप्प झालो. कारण हिशेब दोन्हीकडे सारखाच असेल, तर निवड ज्याची त्याची.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे दोन एक्के होते आणि माझ्याकडे दोन राण्या. पहिली तीन पानं पडायच्या आधीच सगळं आत गेलं, एकशेऐंशी डॉलर. अशा डावात एक्के पाचातल्या चार वेळा तरी टिकतात. वाटणाऱ्यानं कॅट खाली ठेवला आणि विचारलं. मी दोनदा म्हटलं, त्या एकदाच म्हणाल्या, म्हणून एकदाच वाटलं. चौथं पान राणी निघालं. वहिनींनी पाचवंही शांतपणे पाहिलं, आपली पानं सरळ करून वाटणाऱ्याकडे सरकवली, पर्समधून दोन विसाच्या नोटा काढल्या आणि म्हणाल्या, “वाटा पुढचा.”